गडग्यापलीकडची शेजारीण

आमच्या आणि वहिनींच्या आवाराच्या मधोमध जांभ्याचा गडगा आहे. कमरेएवढा. एका ठिकाणी वरचे दोन चिरे घसरून पडलेत आणि ते परत कोणी बसवायचे यावर दोन्ही घरांचं अजून ठरलेलं नाही. ठरू नये असंच दोघींनाही वाटतं. त्या खिंडीतून विरजण जातं, कढीलिंब जातो, मांजर जातं-येतं आणि उन्हं कलली की गावच्या बातम्या जातात. मे महिन्यात तर वहिनी रातांब्यांची पाटी थेट गडग्यावरच आणून ठेवतात. हाताने रातांबे फोडायचे, तोंडाने बातम्या.

त्या दिवशी पहिलाच रातांबा त्यांनी माझ्या नावाने फोडला.

"बाई, तुमचा भाचा काल रात्री दीड वाजता अंगणात काय करत होता हो? आमच्या ह्यांनी पाहिलं. हे एवढं जाड नळकांडं, आणि रोख आमच्या माडीकडे!"

"माडीच्या वर. बराच वर," मी म्हटलं. "पुण्याहून दुर्बीण आणलीय त्याने. तो दुसऱ्याच एका घरात डोकावत होता."

"कोणाच्या?"

गावातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतक्या आतुरतेने विचारलेला प्रश्न वर्गात एकदाही ऐकल्याचं आठवत नाही. मग मीही धड्यासारखं सांगितलं नाही. भानगडीसारखं सांगितलं.

"सप्तर्षी माहीत आहेत ना? त्यांच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीचि. हात लांब करून धरला तर मरीचीपासून दोन बोटांवर ते घर आहे. इथून तीन कोटी प्रकाशवर्षं. घर म्हणजे दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच, अब्जावधी ताऱ्यांची. लाडाचं नाव व्हर्लपूल, म्हणजे पाण्यातला भोवरा. कागदोपत्री एम 51. आणि तिच्या दाराशी एक शेजारीण आहे, एनजीसी 5195. त्या दोघींचं प्रकरण आहे."

मी मोबाइलवर फोटो काढून दिला. वहिनींनी लाल झालेली बोटं पदराला पुसली आणि फोन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघत राहिल्या. मधे पिवळट गाभा. त्यातून निघालेले दोन हात, एकमेकांच्या बरोबर समोरून, गरगरत बाहेर गेलेले. हातांच्या आतल्या कडेने काळपट धुळीच्या रेघा, आणि त्यांना लागून गुलाबी ठिपके, वळेसर ओवावा तसे. एका हाताच्या टोकाशी दुसरा धुरकट गोळा.

"हिने हिचा हात धरलाय," वहिनींनी निकाल दिला.

"इथेच सगळे फसतात. धरलेला नाही. शेजारीण हाताच्या मागे आहे, लांब. तिच्या अंगावरून ही काळी रेघ गेलेली दिसते? ती मोठीच्या हातातली धूळ. पुढून गेलीय म्हणून तिच्या उजेडावर काळी उमटते. वाळत घातलेल्या लुगड्यामागे माणूस उभं असलं की लांबून वाटतं पदर धरलाय, तसं."

"धरलेला नाही तर मग प्रकरण कसलं?"

"ती जवळून गेली. पण त्या जाण्याने हिला हे असे हात फुटले."

वहिनींनी रातांबा खाली ठेवला. हे त्या फार कमी वेळा करतात.

बातमीचा मूळ माणूस कोण, हे विचारल्याशिवाय वहिनी ती पुढे देत नाहीत. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे ते त्यामुळेच. म्हणून मला पहिल्यापासून सांगावं लागलं. मेसिए म्हणून पॅरिसला एक होता, धूमकेतू शोधायचं वेड. धूमकेतूसारखं पुसट दिसतं पण जागचं हलत नाही, असं जे जे सापडेल ते तो यादीत टिपून ठेवायचा, पुन्हा फसायला नको म्हणून. 13 ऑक्टोबर 1773 ला ही त्याला सापडली आणि यादीत एक्कावन्नावी बसली. शेजारीण मात्र त्याच्या नजरेतून सुटली. ती 1781 मध्ये मेशँने पाहिली, त्याच्याच बरोबरचा, त्याच नादाचा. हात दोघांनाही दिसले नाहीत. त्यासाठी 1845 उजाडावं लागलं. आयर्लंडमध्ये बर नावाच्या गावी लॉर्ड रॉस हा तिथला बडा जमीनदार. त्याने सहा फूट रुंद आरशाची दुर्बीण बांधली. आरसा काचेचा नव्हे, तांबं-कथलाचा ओतीव, तीनेक टन वजनाचा. नळी एवढी अवजड की दोन्ही अंगांना तटासारख्या दोन भिंती उभारून त्यांच्या मधे ती टांगली.

"म्हणजे दोन गडग्यांच्या फटीतून बघायचा," वहिनी म्हणाल्या.

"अगदी. डावी-उजवीकडे फारसं वळायची सोय नाही. समोर येईल त्याच घरात डोकवायचं."

"आणि एवढा पैसा?"

"बराचसा बायकोचा. मेरी रॉस माहेरची गडगंज. शिवाय स्वतः फोटोग्राफर, त्या काळात."

"आणि नाव झालं लॉर्डाचं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आकाशातल्या अशा पुसट गोष्टींचे फोटो तेव्हा निघत नव्हते, म्हणून रॉसने डोळ्याला दिसलं ते हाताने कागदावर काढलं. तोवर आकाशातल्या कुठल्याही पुसट डागात असा पीळ कोणी पाहिला नव्हता. आणि गंमत बघा, त्या पहिल्याच चित्रात शेजारीणही आहे, हाताच्या टोकाला. त्याच वर्षीच्या शरदात आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ सुरू झाला आणि ती एवढी दुर्बीण काही वर्षं जवळजवळ नुसतीच टांगलेली राहिली. हा डाग आपल्याच आकाशगंगेतला की बाहेरचं वेगळं घर, हे कळायलाही 1920 च्या दशकात हबल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची वाट बघावी लागली. तोवर दोघींचं प्रकरण कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पण मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या, "पीळ पडायला शेजारीण कशाला हवी? गोल फिरणाऱ्या गोष्टीला पीळ पडणारच की."

हा प्रश्न खरा. मोठमोठ्या डोक्यांना याच प्रश्नाने दमवलंय. मी म्हटलं, करूनच बघू. पाटीशेजारी पातेल्यात रातांब्याचं आगळ साठलं होतं, लालभडक. वहिनींनी सुनेला हाक मारून वाटीभर नारळाचं दूध मागवलं. रात्रीच्या सोलकढीसाठी काढलेलं होतंच. मी पळीने आगळ ढवळलं, पळी काढून घेतली, आणि फिरत्या आगळावर मधल्यापासून काठापर्यंत दुधाची एक सरळ रेघ सोडली.

रेघ लगेच वाकली. आतलं टोक पुढे पळालं, बाहेरचं रेंगाळलं, आणि क्षणात पांढरा सुरेख पीळ.

"बघा! शेजारणीशिवाय!" वहिनी म्हणाल्या.

"थांबा जरा."

पीळ घट्ट होत गेला. दोन वेढे, चार वेढे, मग दुधाचे धागे इतके बारीक की मोजता येईनात, आणि शेवटी सगळं एकसारखं गुलाबी.

"पडला आणि मोडला," वहिनी म्हणाल्या. मग जरा खट्टू होऊन, "आणि माझं दूध फुकट गेलं."

फुकट गेलं नाही, त्या रात्री त्यांच्याकडे सोलकढी जरा आधी झाली एवढंच. पण मुद्दा तोच. दीर्घिकेत आतल्या ताऱ्यांची फेरी लवकर पुरी होते, बाहेरच्यांची उशिरा. आपला सूर्यच आकाशगंगेभोवती एक फेरी घालायला बावीस-तेवीस कोटी वर्षं घेतो आणि जन्मापासून त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या असतील. हात म्हणजे ताऱ्यांची बांधलेली दोरी असती तर ती कधीच सुतासारखी गुंडाळून संपली असती. मग हे हात टिकतात कसे? नाहीतर पुन्हा पुन्हा नवे येतात कुठून?

1964 मध्ये लिन आणि शू या दोघांनी एक तोड काढली: हात ही वस्तूच नव्हे, ती लाट आहे. मला हे समजावताना घाटातली कोंडी आठवते. वहिनींना ती माझ्यापेक्षा जास्त पाठ, कारण गणपतीत त्यांचा मुलगा मुंबईहून निघतो आणि त्या दर तासाला फोन करतात.

"कोंडी कुठे आहे म्हणतो तो?"

"सकाळी आठला कशेडीला. दुपारी दोनला पण कशेडीलाच."

"आठच्या कोंडीतल्या गाड्या दोनच्या कोंडीत असतात?"

"छे, त्या कधीच पुढे गेलेल्या."

तसंच. तारे कोंडीत शिरतात, जरा रेंगाळतात, बाहेर पडतात. कोंडी आपली जागेवर. वायू मात्र कोंडीत दाटतो आणि तिथेच नवे तारे जन्मतात. फोटोतले गुलाबी ठिपके त्या बाळंतिणीच्या खोल्या. त्यातले सगळ्यात मोठे, निळे, दिमाखदार तारे फार थोडं जगतात, कोंडीतून बाहेर पडण्याआधीच संपतात. म्हणून हात उजळ दिसतात. दोन हातांच्या मधल्या जागेत तारे नाहीत असं नाही. तिथे म्हातारी, मिणमिणती वस्ती आहे, इतकंच. या एम 51 मध्ये 1994, 2005 आणि 2011 अशा तीन वेळा तारे फुटताना लोकांनी पाहिले. एका घरात सतरा वर्षांत तीन, म्हणजे घरात वर्दळ किती ते बघा.

"कोंडी कळली," वहिनी म्हणाल्या. "पण कोंडी कोणीतरी सुरू करतं ना? कुठलातरी ट्रक बंद पडतो."

मी मनातल्या मनात हात जोडले. या प्रश्नावर किती कागद काळे झालेत ते सांगत बसले असते तर रातांबे तसेच राहिले असते.

ट्रक म्हणजे शेजारीण, निदान या घरापुरती. ती कसं करते हे समजायला समुद्रच हवा, आणि तो आमच्याकडे दोन मैलांवर आहे. वहिनींचे भाऊ होडीवाले. पुनवेला-अवसेला उधाण येतं हे त्यांना सांगावं लागत नाही. पण भरती दिवसातून दोनदा का येते, चंद्र तर एकच आहे, हे मी वर्गात विचारायची तेव्हा पहिल्या बाकावरची मुलंही खाली बघायची. चंद्राची ओढ त्याच्याकडच्या पाण्याला जास्त, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं. दोन्ही अंगांना फुगवटा येतो. अलीकडे ओढलेला, पलीकडे मागे पडलेला.

"शेजारीण जवळून गेली तेव्हा तिने या घराला असंच ताणलं," मी म्हटलं. "तिच्या बाजूला एक फुगवटा, नेमका उलट्या बाजूला दुसरा. घर तर गरगर फिरतंय. मग ते दोन फुगवटे सरळ कसे राहणार? तुमच्या दुधाच्या रेघेसारखे वाकले. ओढणारी एक, पण हात दोन."

"आणि समोरासमोर," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांनी फोटो पुन्हा उघडला.

या ओढीचा एक विचित्र हिशोब आहे. अंतर दुप्पट झालं की ताणण्याची ताकद निम्मी नाही, पाव नाही, थेट आठव्या हिश्शावर येते. लांबून शेजारीण कितीही वजनदार असली तरी फार काही करू शकत नाही. पण जवळून गेली की विचारू नका. आणि ही काही हलकीसलकी नव्हे. मोठीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत हिचं वजन धरतात. धाकटी म्हणायची रीत आहे म्हणून धाकटी.

"हे कोणी बघितलं? कोट्यवधी वर्षांची गोष्ट सांगताय तुम्ही."

पुन्हा मूळ माणूस. त्याची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. 1941 साल, स्वीडन. संगणक नाहीत. होल्मबर्ग नावाच्या माणसाला दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल ते बघायचं होतं. गणित हाताने करायचं तर जन्म पुरला नसता. त्याने काय केलं? चौऱ्याहत्तर दिवे घेतले. सदतीस एका बाजूला, सदतीस दुसऱ्या. दिव्याचा उजेड अंतराबरोबर ज्या हिशोबाने कमी होतो, त्याच हिशोबाने गुरुत्वाची ओढही कमी होते. मग प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाश मोजायचा, कुठून किती येतोय ते बघायचं, तेवढी ओढ समजून दिवा हलवायचा. पुन्हा मोजायचं. पुन्हा हलवायचा.

"दिवाळीच्या माळा घेऊन?"

"जवळजवळ तसंच. अंधाऱ्या खोलीत बसून. आणि त्या दिव्यांच्या घोळक्यांना हात फुटायला लागलेले त्याने पाहिले."

वहिनी हसल्या. त्यांना तो माणूस पटला. मला वाटतं शास्त्रज्ञ पटायचा असेल तर तो असाच, खोलीत दिवे सरकवत बसलेला पटतो.

पुढे 1972 मध्ये दोन भावांनी हेच काम संगणकावर केलं. आलार आणि यूरी तूमरे, मूळचे एस्टोनियाचे, अमेरिकेत गेलेले. त्याआधी सहा वर्षं आर्प नावाच्या माणसाने आकाशातल्या वेड्यावाकड्या घरांची 338 फोटोंची वही छापली होती: कोणाला लांब शेपटी, कोणाच्या दोघांत पूल, कोणाचा आकारच धड नाही. हे सगळं नुसत्या ओढीने होईल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. कोणी चुंबकीय बळांना पुढे करायचे. तूमरे भावांनी नुसती ओढ घेतली, एक शेजारीण जवळून नेली, आणि पडद्यावर तेच पूल, त्याच शेपट्या काढून दाखवल्या. एम 51 चा नकाशाही त्यातच.

त्यांच्या हिशोबातून एक गोष्ट अशी निघाली की ती ऐकून वहिनी म्हणाल्या, "हे तर रोजचंच." शेजारीण कोणत्या दिशेने जाते यावर सगळं अवलंबून. घराच्या फिरण्याच्या दिशेनेच गेली तर उलथापालथ. उलट दिशेने गेली तर फारसं काही नाही. बाजाराच्या वाटेवर समोरून येणारी भेटली तर काय होतं? "काय, बरं ना?" "बरं." संपलं. पण आपल्याच दिशेने जाणारी गाठ पडली की एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत, आणि तोवर घरात काय शिजलं ते सगळं बाहेर. बरोबर चालणारी शेजारीण त्याच ताऱ्यांवर जास्त वेळ ओढ ठेवते.

याच आलारने 1981 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: सुरुवातीचा धक्का लहान असला तरी दीर्घिकेचं स्वतःचंच गुरुत्व तो वाढवत नेतं. फिरण्याने लाट वळते, वळताना दाटते, दाटल्यामुळे आणखी ताऱ्यांना ओढते. यावर मी वहिनींना फार समजावलं नाही. वरच्या आळीत कोणीतरी म्हणतं की अमक्याच्या मुलीला बघायला आले होते, आणि खालच्या आळीत पोचेपर्यंत लग्नाची तारीख ठरलेली असते, हे त्यांना ठाऊक आहे. किंबहुना मधली वाढ पुष्कळदा आमच्याच गडग्यावर होते.

एम 51 ची शेजारीण एकदाच येऊन गेली की दोनदा, यावर मात्र गणितवाल्यांत अजून वाद आहेत. दोनदा म्हणणारे सांगतात, पहिली खेप चाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी आणि दुसरी गेल्या पाच-दहा कोटी वर्षांतली. डोळ्याला न दिसणारा एक पुरावाही आहे. 1990 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींनी या जोडीतून निघालेली हायड्रोजन वायूची लांबलचक शेपटी शोधली. फोटोत तिचा मागमूस नाही; रेडिओवरच ऐकू येते.

"तसल्या दुर्बिणी आमच्या माहेरी आहेत," वहिनी एकदम म्हणाल्या. त्यांचं माहेर नारायणगावकडचं. "खोडदला. पांढऱ्या मोठ्या तबकड्या. एसटीतून दिसतात."

"त्याच जातीच्या. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस. त्यांनाही हायड्रोजनची हाक ऐकू येते."

"आम्ही लहानपणी टोमॅटो तोडायला जायचो, आता पोरं तिकडे सहलीला जातात," म्हणून त्या पुन्हा रातांब्यांकडे वळल्या. माहेरच्या गोष्टीवर मी मधे बोलत नाही.

मग स्वतःच म्हणाल्या, "सगळ्या घरांत शेजारणीच करतात हे?"

"नाही. हे कोणी सांगितलं तर मान्य करू नका." इथे मला शिक्षिकेचा स्वर लावावाच लागला. 1979 मध्ये कोरमेंडी आणि नॉर्मन यांनी तपासलं तेव्हा दिसलं की दोन ठसठशीत, लांबलचक हात बहुतेक करून दोन प्रकारच्या घरांत असतात: जिच्या दाराशी शेजारीण आहे, किंवा जिच्या पोटात मधोमध ताऱ्यांची आडवी दांडी आहे. दांडीसुद्धा फिरता फिरता लाट उठवते. आणि एकट्यादुकट्या पुष्कळ दीर्घिकांना असे हातच नसतात. असतात ते तुकडे-तुकडे, लोकरीच्या पुंजक्यांसारखे, त्यांच्याच पोटातल्या गडबडीने उठलेले आणि विरलेले. त्यांच्या हातांसाठी कोणावर बोट ठेवायची गरज नाही.

"आणि दोघी भेटल्या तेव्हा तारे आपटले नाहीत एकमेकांवर?"

"एकही नाही म्हटलं तरी चालेल. सूर्य मोहरीएवढा केला तर शेजारचा तारा साठेक किलोमीटरवर येतो. दादरला एक मोहरी ठेवा, दुसरी बदलापूरच्या फलाटावर. आपटणार काय? वायूचे ढग आपटतात, तारे नाहीत."

वहिनींची नणंद बदलापूरला असते. त्यांनी मान डोलावली, अंतर त्यांना पोचलं.

आता मी आपल्याच घरातली भानगड बाहेर काढली. आकाशगंगेच्याही भोवती डझनावारी धाकट्या फिरतात. सगळ्यात वजनदार ती मॅजेलनचा मोठा मेघ, एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर. तिच्या ओढीने आकाशगंगेची तबकडी काठाला मुरडलेली आहे असं मानतात. आपल्याला ती दिसत नाही. आमच्या गावाहून दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम दोन-तीन अंश वर येते आणि समुद्राच्या धुरकटपणात हरवते. कन्याकुमारीच्या लोकांना जरा बरं.

पण खरी लपलेली ती वेगळीच. धनु राशीच्या पलीकडे, आकाशगंगेच्या गाभ्याआड. 1994 पर्यंत कोणाला पत्ता नव्हता. सत्तरेक हजार प्रकाशवर्षांवर एक लहानशी दीर्घिका आहे आणि ती पुन्हा पुन्हा आपल्या घरातून आरपार जाते. प्रत्येक खेपेला तिचेच तारे ओढले जातात. आता तर तिच्या ताऱ्यांची फीत आकाशगंगेला वेढून पसरलीय. 2011 मध्ये संगणकावर दाखवलं गेलं की एवढीशी दीर्घिका धडकत राहिली तरी आपल्यासारख्या तबकडीला हात फुटू शकतात.

"म्हणजे हिचे हात झाले आणि तिचं काय उरलं?"

"फीत."

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. एक रातांबा फोडून त्यांनी गर पिळून काढला, साल मिठाच्या रसात बुडवून पत्र्यावर मांडली.

मग मी गोगलगाय सांगितली. युरोपची गाया दुर्बीण 2013 मध्ये आकाशात गेली आणि तिने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची मोजदाद केली. 2018 मध्ये तिच्या आकड्यांतून सूर्याच्या आसपासच्या साठ लाख ताऱ्यांचा तक्ता काढला: तबकडीच्या किती वर-खाली आहेत आणि किती वेगाने वर-खाली जातायत. तक्त्यात चक्क गोगलगाईचा शंख उमटला. तारे फिरताना झोपाळ्यासारखे वर-खालीही होत असतात. कोणीतरी सगळ्यांना एकदम धक्का दिला. जवळ झुलणाऱ्यांचा झोका लवकर पुरा होतो, लांब झुलणाऱ्यांचा उशिरा, म्हणून ते एकमेकांशी चुकत गेले आणि तक्त्याला पीळ पडला. तो पीळ किती घट्ट झालाय यावरून धक्का केव्हा बसला ते काढलं: तीस ते नव्वद कोटी वर्षांपूर्वी. बोट बहुतेकांनी धनुच्या मागच्या शेजारणीकडेच दाखवलं. 2020 मध्ये आणखी एक निघालं: आपल्या परिसरात ताऱ्यांचे जन्म तीनदा एकाएकी वाढले होते, अंदाजे 570, 190 आणि 100 कोटी वर्षांपूर्वी, आणि तिच्या येण्याजाण्याच्या वेळाही साधारण त्याच.

"ती आली की घरात पाळणे हलतात," वहिनी म्हणाल्या. त्यावर दोघीही खूप हसलो. सून बाहेर येऊन बघून गेली.

आठच्या सुमाराला वारा सुटला आणि नेहमीप्रमाणे लाइट गेली. माडापलीकडे सप्तर्षी वर आले होते. भाच्याने दुर्बीण अंगणात आणली. सहा इंची आरशाची, रॉसच्या बाराव्या हिश्शाची. मी हाक मारली, तशा वहिनी पातळ वर खोचून खिंडीतूनच अलीकडे आल्या. फाटकाकडून यायला त्या कधीच तयार नसतात.

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ काही नाही. भाचा म्हणाला, काकू, सरळ बघू नका, जरा बाजूला बघितल्यासारखं करा.

"आलं," त्या म्हणाल्या. "दोन आहेत. धुरासारखे. एक मोठा, एक धाकटा."

"तेच."

"हात कुठायत?"

"ते या दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नाहीत. त्याला याहून मोठा आरसा लागतो, नाहीतर फोटो."

"आणि हे दोन म्हणजे?"

"एक मोठीचा गाभा. दुसरी शेजारीण."

"ही दिसते मग." त्यांनी डोळा काढला नाही. भाचा नळी हळूहळू सरकवत होता, कारण तारे पश्चिमेला निसटतात. "अजून तिथेच आहे की हो."

लाइट आली तेव्हा सगळं पांढरं झालं आणि दोघीही दिसेनाशा झाल्या. वहिनींना पत्र्यावरची सोलं आठवली. दंव पडायच्या आत उचलायला हवीत. त्या घाईघाईने खिंडीतून पलीकडे गेल्या. जाताना कशावर तरी हात टेकवला असावा. सकाळी बघितलं तर तिसरा चिरा खाली होता.